नवजात बाळाचा श्वास मोजण्याआधी त्याची झोप का ओळखावी लागते?

प्रश्न (विद्यार्थिनी):
मी शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असून सध्या नवजात बालकांच्या श्वसनावरील शोधनिबंध वाचत आहे. बाळ कोणत्या प्रकारच्या झोपेत आहे हे ठरवण्यातच संशोधकांचे बरेचसे श्रम जातात आणि श्वासांची मोजणी नंतर येते, असे दिसते. छातीला पट्टा लावून श्वास थेट मोजला, तर काय बिघडेल? शिवाय निरोगी बाळाचा श्वासही झोपेत काही सेकंद थांबतो म्हणे. मग आजार कुठून सुरू होतो?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक):
पट्ट्याने आकडा मिळेल, पण त्याचा अर्थ लागणार नाही. शांत झोपेत बाळाचा श्वास एका लयीत चालतो, तर सक्रिय झोपेत (बंद पापण्यांखाली डोळे हलतात आणि चुळबुळ चालते ती झोप) तो कधी भराभर, कधी उथळ होतो आणि मध्येच थांबतो. पूर्ण दिवसांच्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप या दुसऱ्या प्रकारची असते, त्यामुळे एकाच बाळाची एकाच दुपारी दोन वेगळी चित्रे मिळतात.

यामागचे कारण स्नायूंमध्ये आहे. सक्रिय झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात आणि सगळा भार श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यावर येतो. नवजात बाळाच्या बरगड्या लवचिक असल्याने पोट वर येत असतानाच छाती आत ओढली जाते. फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि मग छोट्याशा विरामातही रक्तातला ऑक्सिजन लवकर उतरतो.

एक अडचण मात्र विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधक हाइन्झ प्रेश्टल यांनी नवजात बाळाच्या झोप-जागेपणाच्या पाच अवस्था मांडल्या (त्यांचा आढावा १९७४चा आहे), त्यांत श्वासाची नियमितता ही अवस्था ओळखण्याचीच एक खूण आहे. श्वासावरून झोप ठरवायची आणि त्या झोपेतला श्वास नियमित आहे असा निष्कर्ष काढायचा, हे आपल्याच शेपटीमागे धावणे झाले. म्हणून श्वसनाचा अभ्यासक डोळ्यांची हालचाल, मेंदूचा विद्युत आलेख आणि शरीराची चुळबुळ यांचा आधार घेतो.

उत्तर २ (नवजात विभागातील डॉक्टर):
सीमारेषेबद्दल लिहितो. किमान तीन सेकंदांचे तीन किंवा अधिक विराम आणि त्यांच्यामध्ये वीस सेकंदांहून कमी श्वसन, याला आवर्ती श्वसन म्हणतात. ते निरोगी बाळांतही आढळते. श्वास वीस सेकंद किंवा अधिक काळ थांबला, अथवा त्याहून कमी काळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावले किंवा बाळ निळे पडले, तर तो अप्निया समजतात. असे घरी दिसल्यास लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. गर्भारपणाचे अठ्ठावीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या जवळजवळ सर्वच बाळांत अप्निया दिसतो आणि त्यासाठी श्वसनाला चालना देणारे कॅफीन देतात.

उत्तर ३ (बालआरोग्य अभ्यासक):
यावरून विराम म्हणजे अचानक बालमृत्यूची (निरोगी वाटणारे बाळ झोपेत कारण न कळता दगावण्याची) पूर्वसूचना, असे कोणी समजू नये. १९७२ मध्ये अल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी पाच बाळांवरील निबंधात असा संबंध सुचवला आणि घरगुती निरीक्षण यंत्रांचा मोठा प्रसार झाला. त्या निबंधातील दोन मृत भावंडांच्या आईला १९९५ मध्ये आपल्या पाच मुलांच्या (त्यांत ही दोघेही) हत्येबद्दल दोषी ठरवण्यात आले. २००१ मध्ये एक हजाराहून अधिक बाळांच्या घरगुती नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा निरोगी बाळांतही दीर्घ विराम आढळले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते अधिक होते, पण अचानक मृत्यूंचा दोन ते चार महिन्यांचा काळ येण्यापूर्वीच ओसरले. इतक्या घाईने उभारलेल्या कल्पनेची ही किंमत फार मोठी होती, असे माझे मत आहे.

विद्यार्थिनी:
आभार. मग अचानक मृत्यू टाळण्यासाठी बाळाला उताणे झोपवण्याच्या सल्ल्याचा श्वासाशी संबंध कसा जोडायचा?

उत्तर ३ (बालआरोग्य अभ्यासक):
श्वास थांबतो का, यापेक्षा थांबल्यावर बाळ जागे होते का, हे पाहा. पालथ्या बाळाची शांत झोप वाढते आणि ते सहज जागे होत नाही, म्हणजे पालकांना जी झोप गाढ आणि सुखाची वाटते तीच अधिक जोखमीची असते. बोस्टनमधील हॅना किनी यांच्या गटाला अचानक दगावलेल्या अनेक बाळांच्या मस्तिष्कस्तंभात (मेंदूच्या तळाच्या देठासारख्या भागात) सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वापरणाऱ्या पेशींचे दोष आढळले. श्वास, रक्तदाब आणि जाग येणे या तिन्हींवर याच भागाचा ताबा असतो. तुमच्या वाचनात यापुढे जाग येण्याचा उंबरठा, म्हणजे बाळ जागे व्हायला किती चाळवावे लागते, तो कसा मोजला आहे, तेही तपासा आणि तो कोणत्या झोपेत मोजला हेही पाहा.