ड्रॅक्युला : पहिल्या चार प्रकरणांनंतर भीती कुठे जाते?

सांजवाचक (प्रश्न)

ब्रॅम स्टोकर यांची १८९७ साली प्रसिद्ध झालेली ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी मी नुकतीच प्रथमच संपूर्ण वाचली आणि माझे मत अजून ठरत नाही. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी येथेच थांबावे, पुढे शेवटापर्यंतच्या घटनांचा उल्लेख आहे.)

जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज वकील कामानिमित्त व्हँपायर (रक्त पिणाऱ्या) काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात येऊन अडकतो, ती पहिली चार प्रकरणे मी एका बैठकीत संपवली. दाढी करताना हार्करच्या मागे उभा असलेला काउंट आरशात दिसत नाही, पुढे तो भिंतीवरून डोके खाली करून पालीसारखा उतरतो, हे प्रसंग प्रभावी आहेतच. पण मला सर्वाधिक भीती वाटली ती तीन पत्रांची. काउंट हार्करकडून मायदेशी पाठवण्यासाठी तीन पत्रे आगाऊ लिहून घेतो आणि त्यांवर १२, १९ व २९ जून अशा तारखा घालायला लावतो. आपल्याला किती दिवस जगू दिले जाणार आहे, हे हार्करला त्या तारखांवरूनच कळते. तिथे रक्त नाही, किंकाळी नाही, नुसत्या तीन तारखा आहेत.

पाचव्या प्रकरणापासून मात्र मीना (हार्करची वाग्दत्त वधू, पुढे पत्नी) आणि तिची मैत्रीण लूसी यांची पत्रे, लग्नाच्या मागण्या आणि लूसीचे लांबत गेलेले आजारपण सुरू होते, आणि ज्याच्यासाठी पुस्तक हाती घेतले तो काउंट जवळजवळ दिसेनासा होतो. शेवटी इतक्या पाठलागानंतर त्याचा अंत काही ओळींत उरकला जातो. हा माझ्या वाचनातील उतावळेपणा आहे की रचनेतलाच दोष? ज्यांना ही कादंबरी मनापासून आवडली, त्यांना नेमके काय आवडले?

जुनी_पाने

दोष आहे, पण तो बराचसा कादंबरीच्या प्रसिद्धीचा आहे, असे माझे मत आहे. स्टोकर यांनी मधला भाग गूढकथेसारखा रचला आहे : एक तरुणी दिवसेंदिवस फिकी पडत जाते, गळ्यावर दोन बारीक खुणा आहेत, डॉक्टरांना निदान होत नाही. तिच्या उपचारांसाठी आलेले प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग हे आपल्या शिष्याला खरा प्रकार उघड करून सांगतात ते चौदाव्या प्रकरणाच्या शेवटी, म्हणजे एकूण सत्तावीस प्रकरणांचा निम्मा प्रवास झाल्यावर. ज्याला हे नाव नवे होते, त्या वाचकाला ही दिरंगाई उत्कंठा वाटली असणार. आपल्याला उत्तर पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असते; त्यामुळे पात्रे कोडे सोडवत असताना आपण घड्याळाकडे पाहत बसतो. किल्ल्याचा भाग टिकून राहतो, कारण तिथे प्रश्न ‘हा कोण आहे’ एवढाच नसून ‘हार्कर बाहेर कसा पडणार’ हा आहे, आणि तो प्रश्न उत्तर माहीत असूनही शिळा होत नाही.

चित्रपटांनीही आपली अपेक्षा बिघडवली आहे. सूर्यप्रकाशाने व्हँपायर नष्ट होतो ही कल्पना १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाने रूढ केली. कादंबरीतला काउंट भरदिवसा लंडनच्या रस्त्यावर उभा असलेला हार्करला दिसतो. दिवसा त्याची शक्ती फक्त मर्यादित असते. माझ्या एका परिचितांना हा लेखकाचा प्रमाद वाटला होता! त्यांनी पुस्तकाला चित्रपटाचा नियम लावला होता.

काळोखाची_वही

जुनी_पाने, तुमचा मुद्दा अर्धाच पटतो. उत्तर ठाऊक असल्यामुळे कंटाळा येणे वेगळे आणि पात्रांनी विनाकारण गप्प बसल्यामुळे संकट ओढवणे वेगळे. व्हॅन हेल्सिंग लूसीच्या खोलीत लसणाची फुले ठेवतात, खिडकी बंद ठेवायला सांगतात, पण कारण कोणालाच सांगत नाहीत. परिणामी तिची आई उग्र वासामुळे मुलीला त्रास होईल म्हणून प्रेमाने ती फुले काढून टाकते आणि खिडकी उघडते. हा प्रसंग पहिल्यांदा वाचताना पोटात खड्डा पडतो, हे मान्य. परंतु पुढे हीच मंडळी मीनाला ‘तिच्या भल्यासाठी’ सर्व बेतांतून वगळतात आणि तीच काउंटच्या तावडीत सापडते. एकच युक्ती दोनदा वापरली की भीतीऐवजी पात्रांचा राग येऊ लागतो. प्राध्यापकांची मोडक्या इंग्रजीतली लांबलचक भाषणे हा आणखी एक अडसर आहे. त्यांतला निम्मा मजकूर गाळला असता तरी काही बिघडले नसते.

आणखी एक विषयाला धरूनच असलेली गोष्ट. लूसीला रक्तगट न पाहताच एकामागून एक चार पुरुषांचे रक्त दिले जाते. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली प्रसिद्ध केला, म्हणजे कादंबरीनंतर चार वर्षांनी. त्यामुळे आजचा वाचक काउंटला सोडून डॉक्टरांनाच घाबरतो, आणि हा थरार लेखकाच्या हिशेबात नव्हता!

धुक्यातले_जहाज

मला ही कादंबरी आवडते आणि ती तिच्या कागदपत्रांमुळेच आवडते. रोजनिश्या, पत्रे, तारा, वृत्तपत्रातील कात्रणे, फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी, अशा तुकड्यांतून कथा उभी राहते आणि कोणत्याही एका माणसाला संपूर्ण चित्र दिसत नाही. काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या ‘डिमीटर’ या जहाजाच्या कप्तानाची नोंदवही पुन्हा वाचून पाहा. खलाशी एकेक करून नाहीसे होत आहेत, कप्तान तारखा टाकून शांतपणे नोंद करतो आहे, आणि अखेरीस सुकाणूच्या चाकाला हात बांधून घेतलेल्या अवस्थेत त्याचे प्रेत सापडते. त्या वहीत काउंटचे नावसुद्धा येत नाही. सांजवाचक, ज्याला तुम्ही काउंटची अनुपस्थिती म्हणता, ती मला त्याच्या वावरण्याची रीत वाटते. सुरुवातीच्या प्रकरणातील स्वागताच्या चिठ्ठीसारखा किरकोळ मजकूर सोडला, तर इतक्या कागदपत्रांत त्याची स्वतःची बाजू कुठेच नाही. तो जर रोजनिशी लिहू लागला असता, तर आपल्याला त्याची कीव आली असती.

काळोखाची_वही यांचा मौनाचा आक्षेप रास्त आहे, पण त्यांनी ते मौन दोनदा मोजले; ते तीनदा येते, आणि तिसऱ्या वेळी त्याचा अर्थ पालटतो. काउंटने आपले रक्त पाजून नाते जोडल्यानंतर मीना स्वतःच सांगते की तुमचे बेत मला कळू देऊ नका, कारण माझ्या मनातून ते त्याला कळतील. लूसीच्या आईला माहिती न देणे हा प्रमाद होता, मीनाला न सांगणे हा अहंकार होता, आणि आता न सांगणे ही मीनाने मागितलेली सावधगिरी आहे. त्याच वेळी संमोहनात ती पाण्याचा आवाज ऐकू येतो असे सांगते आणि पुढे काउंट कोणत्या नदीमार्गाने परतत असेल याचा तर्कशुद्ध छडा लावते. काउंटने जोडलेली दोरी तीच उलटी ओढते. उत्तरार्धाचा खरा थरार मला इथे सापडला, घोडे आणि गाड्यांच्या पाठलागात नाही.

अर्धवट_वाचक

मी सोळाव्या प्रकरणानंतर पुस्तक ठेवून दिले. व्हँपायर झालेल्या लूसीचा थडग्यात अंत करण्याचा प्रसंग इतका परिणामकारक आहे की त्यानंतर काउंटने विसाव्यासाठी मायभूमीतून आणलेल्या, मातीने भरलेल्या पन्नास पेट्यांचा हिशेब वाचण्यात मला रस उरला नाही. कोणती पेटी कुठे पोहोचली हे हमालांकडे विचारत फिरणे म्हणजे भयकथा नव्हे.

जुनी_पाने

त्या पेट्यांवर हसू नका. एकोणपन्नास सापडतात आणि एक सापडत नाही. नंतरचा सगळा पाठलाग त्या एका पेटीमुळे आहे. मात्र हिशेब जरुरीपेक्षा लांबला आहे, एवढे मान्य करतो.

सांजवाचक

सर्वांचे आभार. धुक्यातले_जहाज यांच्या सांगण्यावरून मी कप्तानाची नोंदवही आणि शेवटची दोन प्रकरणे पुन्हा वाचली. काउंटचा अंत होतो ती ६ नोव्हेंबरची झटापट मला अजूनही घाईचीच वाटते : दोन सुऱ्यांचे वार होतात आणि शरीराची धूळ होते. व्हॅन हेल्सिंगच्या भाषणांविषयीही माझे मत बदललेले नाही.

पण पहिल्या वाचनात मी हार्करची अखेरची टिपणी जवळजवळ ओलांडून गेलो होतो. सात वर्षांनी तो लिहितो की आपल्याजवळ अस्सल म्हणावा असा कागद क्वचितच उरला आहे, बाकी सगळा टंकलिखित मजकूर. पुरावा म्हणून तो कोणी स्वीकारावा अशी अपेक्षाही धरता येत नाही. ज्या पुस्तकाने पानोपानी तारखा, तारा आणि नोंदी दाखवून माझा विश्वास मिळवला, तेच निरोप घेताना आपले साक्षीदार मागे घेते. हे वाचून मी पहिल्या पानावरची ३ मे ही तारीख पुन्हा काढून पाहिली, आणि ती कोणी टंकली असेल या विचाराने थोडा वेळ तसाच बसून राहिलो.