अनुभव धागा : नकाशावरचं अंतर आणि विमानातले तास

मुलं-नातवंडं परदेशात असलेल्या घरात "किती तासांचं विमान?" हा प्रश्न ठरलेला. जालावर दोन विमानतळांची नावं टाकली की पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर मिळतं आणि सरासरी वेगाने काढलेले तास. खरे तास ठरतात वाऱ्यावर आणि कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे त्यावर. आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून हा धागा. मार्ग, वेळ आणि कारण समजलं असेल तर तेही लिहा. सुरुवात माझ्यापासून.

न्यूजर्सी (धागाकर्ती) : मुंबई-न्यूअर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. इकडे यायला सोळा तासांच्या आसपास, मुंबईला परतताना बहुधा तास-दीड तास कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्यासाठी मी आधी इकडे येतानाच्या विमानात कडेची जागा बघते. परतीचं नंतर.

कॅलिफोर्निया : आमच्याकडचं उदाहरण तर उलटंच आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी वारा पाठीशी असल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांत संपला! लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवाच्या वाटेने आलेल्या विमानात सगळ्या वैमानिक स्त्रियाच होत्या. ती बातमी मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली होती.

लंडन : मुंबईहून ७,२०० किलोमीटर. वाऱ्यापेक्षा आम्हाला बंद आकाशाचा त्रास जास्त. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैत उघडली. एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पुन्हा बंदी. दिल्लीहून येणाऱ्यांना वळसा जास्त पडतो. पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवाच.

मॉरिशस : आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून जहाजाने इथे आले. आता मुंबईहून ४,७०० किलोमीटर, सहा तास. वाट बरीचशी उत्तर-दक्षिण असल्याने जाण्या-येण्यात मोठा फरक पडत नाही.

कोल्हापूर : मुलगा मेलबर्नला. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात, त्यांची नुसती वजाबाकी करू नका. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे, तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच. यांना इन्सुलिन घ्यावं लागतं. डॉक्टरांनी विमानाचे तास विचारलेच नाहीत. ते म्हणाले, घरातून निघाल्यापासून मुलाच्या दारात पोचेपर्यंतचे तास सांगा. मुंबईपर्यंतची गाडी, विमानतळावरचे तीन-चार तास, विमानाचे बारा आणि तिथली रांग असं सगळं धरलं तेव्हा पूर्ण दिवसाच्या वर गेलं. त्याप्रमाणे त्यांनी डोसांचा कागद लिहून दिला. तो आणि डब्यातली दशमी, दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवलं.