मदत हवी आहे: अँपचा रिव्हर्ब बंद, परवा नाटक

झाडीपट्टी_गिटार:
भाऊ, गिटारच्या अँपचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमार, येतच नाही. नॉब दहावर नेला तरी आवाज कोरडाच. परवा गावच्या मंडईत (जत्रेत) नाटक आहे. लवकर सांगा.

जुनावाल्व्ह:
कोणता अँप? वाल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) की ट्रान्झिस्टरचा? फूटस्विच (पायाचं बटण) लावलाय का? त्याची वायर शॉर्ट झाली तरी रिव्हर्ब बंद होतो.

झाडीपट्टी_गिटार:
फेंडर डिलक्स रिव्हर्ब, काकांचा. फूटस्विच नाही. वाल्व्ह सगळे पेटतात.

सूरताल:
डिजिटल पेडल घ्या, मोकळे व्हा. मी तेच केलं.

जुनावाल्व्ह:
त्याने पेडल विचारलंय का? वाल्व्ह पेटला म्हणजे चालतो असं नाही. मागून पाहिलं तर उजवीकडून तिसरा १२एटी७ जातीचा वाल्व्ह रिव्हर्बचा, सहावाही त्याच जातीचा, पण दुसऱ्या कामाचा. अँप बंद करून, थंड होऊ देऊन अदलाबदल कर. मग अँप चालू करून खालच्या टँकला (रिव्हर्बच्या स्प्रिंग असलेल्या डब्याला) हलका धक्का दे. गडगडतो का?

झाडीपट्टी_गिटार:
अदलाबदल केली, अँप तसाच वाजतो. टँक हलवला तर काहीच नाही.

पवनीकर:
स्प्रिंग ढिले पडले असतील. ताणून घट्ट करा.

जुनावाल्व्ह:
स्प्रिंगला हात लावू नकोस! एकदा ताणला की गेला. टँकमधून परत येणाऱ्या वायरच्या टोकाला बोट लाव. घुं असा आवाज आला तर पुढचं सर्किट ठीक, दोष टँकमध्ये. चेसिस (सर्किटची पेटी) मात्र उघडू नकोस, आत ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर विजेनं भरलेले राहतात.

सूरताल:
कोणतं नाटक आहे? आमच्याकडं वडसाची मंडळी येणार, पहाटेपर्यंत चालतं.

झाडीपट्टी_गिटार:
बोट लावलं, मोठ्ठा घुं झाला.

जुनावाल्व्ह:
मग अँप बंद करून टँकच्या दोन्ही वायरी काढ, मल्टिमीटर ओहमवर ठेव. इनपुटला एक ओहमच्या आतबाहेर, आउटपुटला २०० च्या जवळ दिसायला हवं.

झाडीपट्टी_गिटार:
इनपुट १.१. आउटपुटला आकडाच नाही.

पवनीकर:
कॉइल जळली, नवीन टँक आणा. सीताबर्डीत विचारा.

जुनावाल्व्ह:
आउटपुटची कॉइल सहसा जळत नाही. कॉइलपासून सॉकेटपर्यंत केसाएवढी तार येते, ती बहुतेक टोकाशी तुटते. भिंग घेऊन बघ.

झाडीपट्टी_गिटार:
सापडली! टोक हिरवं पडून सॉकेटपासून सुटलं होतं. ब्लेडनं हलकेच खरवडलं, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं डाग दिला. मीटर २०४ दाखवतो. टँकला टिचकी मारली तर आभाळ गडगडल्यासारखं झालं. पण आता नॉब चारच्या पुढे नेला की हम (घुं घुं आवाज) वाढतो.

जुनावाल्व्ह:
आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ आलं असेल. टँक उलटा फिरवून ठेव, वायर पुरते का बघ.

झाडीपट्टी_गिटार:
फिरवला. हम जवळजवळ गेला. काकांना फोनवर ऐकवलं, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.