मदत हवी आहे : आईच्या कुडीत बसवलेला नवा हिरा एकटाच पांढरा दिसतोय, रंग कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी,

आईच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, सात-सात खड्यांच्या. तिला तिच्या आजेसासूबाईंनी दिलेल्या. दिवाळीत उजव्या कुडीतला कडेचा एक खडा पडला. घर पालथं घातलं, सापडला नाही. सराफाकडून नवा बसवून घेतला. 'जी रंगाचा आहे, एकदम चांगला', असं ते म्हणाले. घरी येऊन खिडकीशी धरलं तर बाकीचे सहा सायीच्या रंगाकडे झुकणारे आणि हा एकटा पांढराशुभ्र. आई काही बोलली नाही, पण पुतणीच्या लग्नात मोत्याच्या कुड्या घालून गेली.

वाचून एवढं कळलं की रंग डी ते झेड असा मोजतात. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन, आणि के पासून पुढे पिवळी झाक वाढत जाते. पण एका सराफाने जुने खडे 'के' सांगितले, दुसऱ्याने 'एम'. दोघांनीही कुडी हातात घेऊन नुसतं पाहिलं. दुसऱ्याने तर चौदाही खडे बदला म्हणून सुचवलं, जे मला मुळीच करायचं नाही. कोंदणात असताना रंग खरंच सांगता येतो का? नवा खडा मागताना कुठलं अक्षर सांगू?

प्रतिसाद

ताई, चौदा खडे बदलू नका, कृपा करून. हिरे निवडण्याच्या कामात माझी बावीस वर्षं गेली, आधी मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातल्या हिरेबाजारात आणि नंतर बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये.

कोंदणातल्या हिऱ्याचं नेमकं अक्षर कोणीच सांगू शकत नाही, फक्त अंदाज देता येतो. सोन्याचा पिवळा रंग खड्यात उतरतो. प्रयोगशाळेत सुटा खडा पालथा ठेवतात, वरचा सपाट भाग खाली आणि टोक वर, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर बाजूने पाहतात. वरून पाहिलं तर चकाकी रंग लपवते. शेजारी ठरलेल्या रंगांचे नमुना-हिरे असतात, त्यांच्याशी ताडून अक्षर ठरतं. ही पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या जीआयए या रत्नपारखी संस्थेने बसवली. ए, बी, सी ही अक्षरं व्यापारी आधीपासूनच मनाला येईल तशी वापरत होते, म्हणून सुरुवात डी पासून.

तुमच्या खड्यांचा पिवळेपणा बहुधा नायट्रोजनचा. हिरा घडताना तो आत शिरतो, निळा प्रकाश शोषतो. तो रंग जन्माचा असतो, जुनं झाल्याने येत नाही. पण वर्षानुवर्षांचं तेल आणि साबण खड्यामागे साचतो आणि खडा आहे त्याहून पिवळा दिसतो. आधी कोमट पाण्यात साध्या साबणाने, मऊ ब्रशने कुड्या धुवा. खडे बंद, म्हणजे मागून झाकलेल्या, कोंदणात असतील तर मात्र पाण्यात बुडवू नका, सराफाकडूनच साफ करून घ्या.

आणि सगळा दोष रंगाला देऊ नका. जुने खडे हाताने पैलू पाडलेले, त्यांचा प्रकाश मंद आणि मोठ्या ठिपक्यांचा. आजचा खडा बारीक चमचमतो, म्हणून तो आहे त्याहून पांढरा वाटतो. त्यामुळे अक्षर मागूच नका. जुन्या पैलूंचा, त्याच मापाचा खडा शोधायला सांगा, कुडी घेऊन जा आणि पाच-सहा खडे शेजारी ठेवून दिवसाउजेडी पाहा, ऊन थेट पडू न देता. अतिनील दिव्याखालीही एकदा बघा. काही हिरे त्यात निळे उजळतात. असा खडा दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये जुळतो आणि बाहेर आल्यावर वेगळा दिसू शकतो.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. मागून पाहिलं, कोंदण उघडंच आहे. काल रात्री धुतल्या. पाणी गढूळ झालं, आणि सकाळी जुने खडे स्पष्ट उजळलेले दिसले. नवा अजून वेगळा आहे, पण आता तुम्ही म्हणता तो चमचमीचा फरक मलाही कळतोय. शनिवारी जुन्या पैलूंचा खडा शोधायला निघतेय, आई स्वतःहून 'मीही येते' म्हणाली. एकच विचारते : जुळवून पाहण्यासाठी एखादा जुना खडा काढावा लागला, तर कोंदण सैल पडेल का?

प्रतिसाद

जुना काढायची गरजच नाही. नवा बसवलाय तोच काढायला सांगा, त्या रिकाम्या घरावर एकेक खडा मेणाने टेकवून बघता येतो. आणि बाकी तेराचं कोंदण त्याच वेळी घट्ट करून घ्या.