हार्बिन आणि ईशान्य चीनचा हिवाळा : तुमचे अनुभव

चीन म्हटलं की आपल्या सहलींत बीजिंग, शांघाय आणि ती भिंत. पण हार्बिन, जिलिन, चांगबाई पर्वत या बाजूला भर हिवाळ्यात जाऊन आलेली मराठी मंडळीही आहेत, शिकायला राहिलेलीही आहेत. काय पाहिलं, काय टाळलं, पोटापाण्याचं काय केलं, थंडी कशी निभावली, मोकळेपणाने लिहा. हॉटेलांचे दर नकोत, ते दरवर्षी बदलतात. सुरुवात मीच करते.

हार्बिनच्या आइस अँड स्नो वर्ल्डला, म्हणजे बर्फाच्या इमारतींच्या उद्यानाला, लोक रात्रीचे जातात. माझं ऐका, दुपारी तीनलाच आत शिरा. जानेवारीत तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, कारण अख्ख्या चीनला बीजिंगचंच घड्याळ आणि हे शहर पार पूर्वेला. उजेडात आधी नुसता बर्फ बघून घ्यायचा. डिसेंबरमध्ये सोंगहुआ नदी गोठली की तिच्यातून करवतीने लाद्या कापून आणतात आणि त्याच एकावर एक रचून मनोरे उभे करतात. सांध्यात सिमेंट नाही की काही नाही, पाणी ओतलं की तेच गोठून पक्कं होतं. मी एका भिंतीला नाक लावून पाहिलं. आत बुडबुड्यांची उभी माळ तशीच अडकलेली, आणि कडेला करवतीचे तिरके ओरखडे. मग दिवे लागतात आणि सगळा मामला हिरवा-जांभळा होतो. खरं सांगू? मला दिवसाचाच जास्त आवडला. रात्री थोडा गणपतीच्या मांडवाचा भास होतो.

बर्फाची घसरगुंडी पाचशे मीटरहून लांब, पण तिच्यापुढची रांग बघून आम्ही लांबूनच नमस्कार केला. मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. बाहेर काढला की बॅटरी बघता बघता मान टाकते.

जुनी गंमत बघायची असेल तर झाओलिन बागेत जा. बर्फाच्या कंदिलांचा मेळा तिथे 1963 साली सुरू झाला, शहराचा मोठा बर्फ महोत्सव 1985 पासूनचा. कंदिलाची रीत साधी : बादलीभर पाणी बाहेर ठेवायचं, कडेने गोठलं की मधलं पाणी ओतून द्यायचं आणि पोकळीत मेणबत्ती.

*

मी हार्बिनमध्येच डॉक्टरी शिकलो, त्यामुळे पर्यटकांचे हाल वर्षानुवर्षं बघितलेत. लोक बाहेरच्या उणे 25 ची तयारी करून येतात आणि आतल्या अधिक 22 ने हैराण होतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत शहरभर गरम पाण्याचे पाइप चालू असतात, घरात माणसं टी-शर्टवर बसतात. एकच जाडजूड कोट घालून मॉलमध्ये शिरलात तर घामाने निथळाल, आणि तोच ओला बनियन बाहेर पडल्यावर जीव खाईल. पटापट काढता-घालता येतील असे थर हवेत. सुती काही अंगाला लागून नको. दुकानांच्या दारांना गोधडीसारखे जाड पडदे असतात, ते ढकलून आत जायचं. काच दिसत नाही म्हणून दुकान बंद समजू नका.

आता जे कोणी सांगत नाही ते. दाओवाई भागात डॉ. वू लिएन-तेह यांचं स्मृतिसंग्रहालय आहे, तिथे जा. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला हा माणूस 1910 च्या डिसेंबरात प्लेगच्या साथीत इथे पोचला. हा आपल्या मुंबई-पुण्यातल्या 1896-97 च्या गाठीच्या प्लेगसारखा नव्हता, फुप्फुसाचा होता, श्वासातून पसरणारा. कापूस आणि गॉझ यांचे मुखपट्टे बांधा असा त्यांनी आग्रह धरला. एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेला आणि ते त्याच साथीत गेले. थंडीने आणखी एक संकट उभं केलं : जमीन दगडासारखी, कबर खणता येईना, शवपेट्या उघड्यावर रचलेल्या. शेवटी बीजिंगच्या राजदरबाराकडून दहनाची परवानगी मिळवली आणि 31 जानेवारी 1911 ला दोन हजारांहून जास्त प्रेतांना अग्नी दिला. पूर्वजांच्या देहाला जपणाऱ्या त्या समाजात ही परवानगी मिळवणं सोपं नव्हतं. साथीत साठ हजारांच्या आसपास माणसं गेली, पण वसंत येईतो ती आटोक्यात आली. कोविडनंतर ते मुखपट्टे बघताना डॉक्टरच काय, कोणीही थबकेल.

*

आम्ही शाकाहारी, त्यातून सासूबाई बरोबर, कांदा-लसूण मात्र चालतं. तिकडचं सगळ्यात गाजलेलं गुओबाओरोउ म्हणजे डुकराचं मांस, ते बादच. आम्हाला तारलं दी सान श्यानने : बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, तिन्ही तळून सोया सॉस आणि लसणात परतलेलं. सासूबाईंचं मत : "तेल जरा जास्तच झालंय, पण वांगं छान उतरलंय." मांसाचा रस्सा किंवा ऑयस्टर सॉस घालू नका, हे मात्र फोनवर चिनीत लिहून दाखवायचं, प्रत्येक ठिकाणी, न कंटाळता.

गोठवलेलं नासपती चुकवू नका. काळंठिक्कर, दगडासारखं. ते थंड पाण्यात सोडतात. फळ सुटत जातं आणि सालीवर बाहेरून बर्फाचं कवच चढतं. कवच फोडायचं, सालीला दाताने छोटं भोक पाडायचं आणि आतला रस चोखायचा, थेट रसाचा आंबा चोखतो तसा. जोंगयांग रस्त्यावर उणे 20 मध्ये लोक आइसक्रीमच्या कांड्या खात हिंडतात, तेही केलं. वितळत नाही, हा फायदाच.

*

सायबेरियन वाघांच्या उद्यानाचा उदोउदो फार होतो, म्हणून लिहिते. जाळीच्या गाडीतून मांसाचे तुकडे विकत घेऊन वाघांना भरवायचे, असा तो कार्यक्रम. वाघ देखणे, गुबगुबीत, पण गाडीमागे भिकाऱ्यासारखे धावणारे. ताडोबात तासन्‌तास वाट बघून पाऊलखुणांवर समाधान मानणाऱ्या माझ्यासारखीला ते बघवलं नाही. त्यापेक्षा हार्बिनच्याच पिंगफांग भागात युनिट 731 चं संग्रहालय बघा. जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या जपानी सैन्याने 1945 च्या ऑगस्टमध्ये पळताना इमारती उडवून दिल्या; बॉयलरघराची धुरांडी तेवढी उभी आहेत. मुलांना नेऊ नका.

*

हार्बिनहून रेल्वेने जिलिन शहर सहज होतं. तिथे बर्फ कोरलेला नाही, झाडांवर आपोआप चढलेला. वरच्या अंगाला फेंगमान धरणाचं वीजघर आहे. त्यातून सुटणारं पाणी तळाकडचं, गोठणबिंदूच्या वरचं, म्हणून हीच सोंगहुआ नदी शहरात भर थंडीत वाहती राहते. रात्री तिची वाफ काठच्या विलो झाडांवर गोठते आणि सकाळी फांदीन् फांदी पांढरी. वारा सुटला किंवा ऊन वर आलं की झडून जातं, म्हणून पहाटे निघावं लागतं, आणि तरी दिसेलच असं नाही. आम्हाला पहिल्या दिवशी नुसत्या काळ्या फांद्या दिसल्या. एक रात्र जादा ठेवाच.

*

सत्तरीच्या वडिलांना नेऊ का? फेब्रुवारीचा विचार आहे.

*

दादा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास नसेल तर न्या, डॉक्टरांना विचारून. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मात्र बर्फाची कामं वितळायला लागतात, जानेवारीच बरा. त्यांचे बूट एक माप मोठे घ्या म्हणजे जाड मोजे बसतील. ऊब देणाऱ्या गरम पुड्या (हीट पॅक) मोज्यावरून चिकटवा, कातडीवर नको, आणि झोपताना काढा. म्हाताऱ्या माणसांना भाजलेलं लवकर कळत नाही.