नळाला चांगलं पाणी असताना बाटल्यांचे बॉक्स कशाला?

मुलुंडकर:
सोसायटीत सत्यनारायण झाला. पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे बॉक्स मागवले आणि निम्म्या बाटल्या दोन घोट पिऊन तशाच खुर्च्यांखाली पडलेल्या. मी म्हटलं होतं पिंप भरून ठेवू, तर म्हणे पाहुण्यांना नळाचं पाणी देतात का? अहो भांडुपला शुद्ध होऊन येतं ते पाणी, आपण हेच पिऊन मोठे झालो ना. मग नक्की भीती कसली? खरंच जाणून घ्यायचंय.

टाकीवाला:
पालिकेकडून पाणी चांगलंच येतं, घोळ होतो तो बिल्डिंगच्या टाकीत. क्लोरीन घालून सोडतात पण खालच्या टाकीचं झाकण फुटकं, शेजारून ड्रेनेज, वरची टाकी कधी धुतली कोणालाच माहीत नाही, मग त्या क्लोरीनने तरी किती पुरायचं? सहा महिन्यांनी दोन्ही टाक्या धुवून घ्या. आणि तलावाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी, त्याला आरओ लावून फुकट पाणी मोरीत घालवू नका. बाटलीवर पण नीट वाचा, बहुतेकांवर पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर लिहिलेलं असतं, ते मिनरल वॉटर नसतं.

शहापूरकर:
तानसा, भातसा दोन्ही धरणं आमच्या तालुक्यात. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. आणि इथे एप्रिल-मे आला की पाड्यांवर टँकर, तो विहिरीत पाणी ओततो आणि बाया हंडे घेऊन धावतात. तुम्ही पाणी पिऊ नका असं कोणी म्हणत नाही हो, पण घरात चोवीस तास भरलेली टाकी असून ते पाणी पाहुण्याला द्यायची लाज वाटते हे वाचून फार वाईट वाटलं.

लातूरची ताई:
2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आमचंच शहर. आम्ही जार विकत घेतो कारण नळ रोज येत नाही, हौस म्हणून नाही घेत. ज्यांच्याकडे रोज येतं त्यांनी बॉक्स का मागवावेत मला तरी कळत नाही.

मुलुंडकर:
शहापूरकर, पटलं. मीटिंगमध्ये टाकी धुण्याचा विषय काढतो, गणपतीला स्टीलची पिंपं आणि पेले ठेवायचे हेही मांडतो. टाकीवाले, धुतल्यावर पाणी तपासून कुठे मिळेल?

टाकीवाला:
वॉर्ड ऑफिसला जल खात्यात विचारा. सॅम्पल टाकीतलं आणि घरातल्या नळाचं, दोन्ही द्या.