शरीरातल्या विषाणूचं संगणकी मॉडेल: डेंग्यूला त्याचा उपयोग आहे का?

नेरुळकर:
पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत डेंग्यूची चर्चा प्लेटलेटपाशीच अडकते. विषाणू शरीरात कसा पसरतो, याच्या सिम्युलेशनवर आपल्याकडे पैसा खर्च व्हायलाच हवा. एचआयव्हीचं बघा. लागण झाल्यावर वर्षानुवर्षं लक्षणं नसत, म्हणून विषाणू सुस्त पडून असतो असं वाटे. १९९६ मध्ये ॲलन पेरेलसन, डेव्हिड हो हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ रुग्णांना औषध देऊन विषाणू किती वेगाने घटतो ते मोजलं आणि समीकरणांत मांडलं. उत्तर आलं, रोज सुमारे १००० कोटी नवे विषाणू! एवढ्या प्रतींत एखाद्या औषधाला चकवणारी प्रत निघणारच, म्हणून अनेक औषधं एकदम द्यायची. नुसत्या सूक्ष्मदर्शकातून हा वेग कधीच कळला नसता.

कळव्याची डॉक्टर:
एचआयव्हीचं मान्य. पण डेंग्यूचा पेशंट आमच्याकडे येतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोवर विषाणू बहुधा उतरणीला लागलेला असतो. खरा धोका ताप उतरताना. घरचे निर्धास्त होतात आणि तेव्हाच रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, पाझरू लागतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, पुन्हा पुन्हा बघायचं, सलाइन मोजून द्यायचं, जीव त्याने वाचतो. यात तुमचं मॉडेल कुठे बसतं?

नेरुळकर:
ताई, विषाणू घटत असताना पेशंट बिघडतो, हेच तर कोडं आहे! डेंग्यूचे ४ प्रकार. एक होऊन गेल्यावर वेगळ्या प्रकाराची लागण झाली की आधीच्या अँटीबॉडी कधीकधी विषाणूला पेशीत शिरायला मदतच करतात. त्या किती असल्या की घात होतो, औषध आलं तर कितव्या दिवसापर्यंत लागू पडेल, हे माणसांवर करून बघायचं का?

ऐरोली_आकडेमोड:
मी डॉक्टरताईंच्या बाजूने. साध्या मॉडेलमध्ये निरोगी पेशी, लागण झालेल्या पेशी आणि मोकळे विषाणू एवढंच असतं. पेशी थोड्या आणि प्रत्येकीतून विषाणू भरपूर, किंवा पेशी भरपूर आणि प्रत्येकीतून थोडे. रक्तातल्या विषाणूचा आलेख दोन्हींत हुबेहूब तोच. मग खरं काय, ते नुसत्या रक्ततपासणीवरून ठरवणार कसं? सिम्युलेशनच्या रंगीत ॲनिमेशनमध्ये ही अडचण दिसत नाही, म्हणून त्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

नेरुळकर:
कुठलं मोजमाप कमी पडतंय, तेही मॉडेल मांडल्यावरच कळलं ना?

कळव्याची डॉक्टर:
कळलं, पण ते मोजायचं कधी? तापाच्या पहिल्या दिवसापासून रोजचा नमुना हवा. त्या दिवशी माणूस पॅरासिटामॉल घेऊन लोकल पकडतो. आधी त्याला दवाखान्यात आणायची सोय करा, आलेख मी स्वतः भरून देते.